मेफ्लाय खरंच एकच दिवस जगते का?

तुम्ही विचारलंय की मेफ्लाय (नदी-ओढ्यांवर उडणारा नाजूक पंखांचा छोटा किडा) एका दिवसात जन्मून मरते हे खरं का, आणि आपल्यासारख्या गरम भागातल्या ओढ्यात तिचं जीवनचक्र कसं चालतं. मी इंदूरचा, थंडीतल्या रविवारी चोरल नदीवर जाऊन दगड उलटून बघायचा मला जुना नाद आहे, तेव्हा थोडं वाचलेलं आणि बरंचसं बघितलेलं सांगतो.

एक दिवसाची गोष्ट फक्त शेवटच्या टप्प्याची आहे. पंख फुटल्यावर ती काही तास, फार तर दोन-तीन दिवस जगते, पण त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्याखाली गेलेलं असतं, ते कोणी धरतच नाही.

डिसेंबरात वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला. खालच्या बाजूला मेफ्लायची चपटी, मातकट पिल्लं खेकड्यासारखी तिरकी सरकताना दिसतील. शेपटीला तीन बारीक केस (काहींना दोनच) आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना इवल्या पानांसारखे कल्ले. पांढऱ्या बशीत नदीचंच पाणी घेऊन त्यात सोडलं की ते कल्ले एकामागून एक लाटेसारखे हलतात, मी तर अर्धा-अर्धा तास बघत बसतो. दगडावरचं शेवाळ आणि कुजका पाला खायचा, वाढायचं, कात टाकायची, पुन्हा वाढायचं, बऱ्याच जातींत हे १५ ते २५ वेळा होतं.

आता तुमचा मुद्दा, गरम पाण्याचा. थंड देशांत एका पिढीला साधारण वर्ष लागतं, हंगेरीतल्या तिसा नदीतल्या एका जातीला तर ३ वर्षं लागतात आणि मग जूनच्या आसपास सगळ्या एकदम बाहेर पडतात. आपल्याकडे पाणी कोमट, वाढ भराभर, लहान जातींचं चक्र एक-दोन महिन्यांतही पुरं होतं आणि वर्षात कित्येक पिढ्या होतात, त्याही एकमेकींत मिसळलेल्या, म्हणून एकाच दगडाखाली तिळाएवढं पिल्लू आणि उडायला टेकलेलं पिल्लू शेजारी-शेजारी सापडतं. पावसाळ्यात पूर आला की बरीच वाहून जातात, मग पाणी निवळलं की पुन्हा भरतात.

उडायला टेकलेलं कसं ओळखायचं, तर पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडतात. असं एक मी एकदा डब्यात घरी आणलं होतं. संध्याकाळी ते पाण्यावर आलं, पाठ उकलली आणि बघता बघता पंखवाला किडा बाहेर, पण पंख धुरकट, दुधी. तो मच्छरदाणीवर जाऊन बसला. सकाळी तिथे नुसती कात लटकत होती, पंखांसकट, आणि शेजारी तोच किडा, आता काचेसारख्या पंखांचा. पंख आल्यावरही कात टाकणारे कीटक आज फक्त हेच, आणि ते मी घरच्या मच्छरदाणीवर बघितलं याचा आनंद अजून आहे.

या शेवटच्या रूपात तोंड कामाचं नसतं, खाणं बंद, आतड्यात नुसती हवा. संध्याकाळी नर पाण्यावर थव्याने वरखाली नाचतात, मादी थव्यात शिरते, जोडी जमते आणि ती पाण्यावर शेकडो, काही जातींत हजारो अंडी टाकते. काहींच्या माद्या तर चक्क पाण्यात उतरून दगडाखाली अंडी चिकटवतात. डांबरी रस्त्याची चमक पाण्यासारखी वाटून तिथेच अंडी टाकणाऱ्याही असतात, ती सगळी वाया जातात, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

शहरातल्या कान्ह नदीत शोधू नका, तिथे मला एकही मिळाली नाही, बहुतेक जातींना स्वच्छ, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. चोरलला जा, आणि प्लीज, दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून परत ठेवा, खाली अंडी असू शकतात.