नोकरी सांभाळून ट्रेक आणि सुतारकाम कसं जमवायचं? माझं उत्तर: आठवडा नाही, वर्ष धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, घर ठाण्यात, सॉफ्टवेअरची नोकरी बीकेसीत, जाऊन-येऊन तीन तास प्रवास. ट्रेकला जावंसं वाटतं, हातानं काहीतरी बनवावंसं वाटतं. दोन्ही दोन-तीनदा सुरू केलं आणि महिन्याभरात सुटलं. शिवाय भीती वाटते, की यात वेळ घातला तर कामात मागे पडू.

मी डोंबिवलीची. 22 वर्षं डेटाबेसच्या कामात आहे, त्यातली बरीचशी ऐरोलीत. म्हणजे रोज सकाळी ठाण्यापर्यंतची गर्दी आणि पुढे ट्रान्सहार्बर. कॉलेजपासून सह्याद्रीत फिरते आणि गेली नऊ वर्षं घराच्या गॅलरीत सुतारकाम करते. तुमच्यासारखंच माझंही सुरुवातीला सतत सुटायचं. ते का सुटायचं हे कळायला मला फार वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण छंद आठवड्यात बसवायला बघतो. दर शनिवारी ट्रेक, रोज रात्री अर्धा तास लाकूडकाम. मग सॉफ्टवेअरचं एक रिलीज येतं, एक लग्न येतं, मेगाब्लॉक येतो, दोन शनिवार हुकतात आणि आपण मनात म्हणतो, संपलं, आपल्याच्यानं होत नाही. माझे आजोबा चिपळूणजवळ भातशेती करायचे. जुलैत चिखलात लावणी, ऑक्टोबरात कापणी. जानेवारीत ते पडवीत बसून दोर वळायचे आणि आपली शेती सुटली असं त्यांना कधी वाटलं नाही. वर्षात प्रत्येक कामाचा एक काळ असतो, हे त्यांच्या अंगातच होतं. मुंबईत राहून आपण ते विसरलो, कारण ऑफिसात बाराही महिने एसीचं एकच तापमान असतं.

आता माझं वर्ष असं आहे. जून ते सप्टेंबर लाकूड. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत डोंगर. मार्चपासून दुपारची चढाई बंद. मग समुद्र, आणि मेच्या अखेरीला काजवे बघायला राजमाचीची एखादी रात्र. यात सलग सहा आठवडे काहीच झालं नाही तरी मी ते सुटलं असं धरत नाही. तुमचं वर्ष वेगळं असेल, पण ते वर्ष असू द्या.

याचा सगळ्यात मोठा उपयोग नोकरीत झाला. दर शुक्रवारी साहेबांपुढे रडत बसण्याऐवजी मी जानेवारीतच टीमसमोर कॅलेंडर ठेवते. जुलै-ऑगस्टचे ऑन-कॉलचे आठवडे, म्हणजे सिस्टिम अडली की कधीही फोन घेऊन दुरुस्त करायची पाळी, मी आपणहून घेते, कारण पावसात मी घरीच असते. ईद आणि नाताळला ज्यांना सुटी हवी त्यांच्या जागी मी बसते. बदल्यात नोव्हेंबर ते जानेवारीचे शनिवार माझे. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे चालू सिस्टिममध्ये बदल करणं बंद असतं, तेव्हा तीन-चार दिवसांची मोठी भटकंती होते. आजवर याला कुणी नाही म्हटलेलं नाही. तारीख आधी सांगितली आणि बदल्यात काहीतरी दिलं, की लोक ऐकतात.

एक नियम मात्र मी चुकीतून शिकले. एकदा ऑन-कॉल असताना लॅपटॉप पाठीवर घेऊन गोरखगडाला गेले होते. वाटलं, पायथ्याच्या गावात रेंज असते. अर्ध्या वाटेत फोन आला, बॅकअपचं काम अडकलं होतं, आणि मी जिथे उभी होते तिथे एक काडी रेंज. ग्रुप पुढे गेला, मी तीन तास एका झाडाखाली, आणि शेवटी काम केलं ते घरी झोपलेल्या सहकाऱ्याला उठवून. ना डोंगर नीट झाला ना नोकरी. त्या दिवसापासून ऑन-कॉलच्या आठवड्यात मी कल्याणच्या पुढे जात नाही.

आता लाकडाबद्दल, कारण तुम्ही ‘हातानं काहीतरी’ असं लिहिलंय आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. यूट्यूबवर बघून मशिनं मागवू नका. 430 चौरस फुटांच्या घरात चकती करवत चालवली, तर शेजारचे पोलिसांना बोलावतील आणि त्यांचं बरोबरच असेल. माझी सुरुवात आमच्या इमारतीमागच्या गाळ्यातल्या सुतारकाकांकडे झाली. दर रविवारी सकाळी दोन तास तुमच्याकडे बसू द्या, भुसा झाडेन, असं मी म्हटलं. त्यांना आधी ते पटेना. तीन रविवार गेल्यावर त्यांनी एक जुनी पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, हातात दिली आणि सांगितलं, हिला धार लावा. पुढचे सहा रविवार मी फक्त धार लावत होते. धारेच्या दगडावर एकाच कोनात घासत राहायचं, मागच्या बाजूला केसाएवढा काटा बोटाला लागला की उलटी करून तो काढायचा. मनगट थोडं जरी डोललं तरी कोन गोल होतो आणि पहिल्यापासून सुरुवात. करवतीच्या वेळी ते म्हणाले, ‘ताई, जोर लावू नका. तिला तिच्या वजनानं चालू द्या.’

मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर एक रंधा, दोन पटाश्या, एक करवत, काटकोन बघायला गुण्या आणि घासायला कानस एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. हे सगळं मला अडीच-तीन हजारांत मिळालं होतं. जाड फळी गॅलरीच्या कठड्याला बिजागरीनं लावली, काम झालं की खाली पडते. ठोकाठोक फक्त रविवारी दहा ते एक. खालच्या मजल्यावरच्या आजींना पहिला पाट मी करून दिला, त्यानंतर आवाजाची तक्रार आली नाही.

लाकूड पावसाळ्यात का, तर त्यालाही कारण आहे. पहिला खण मी मे महिन्यात बनवला. अगदी मापात, सुळकन आत जायचा. जुलैत तो असा घट्ट बसला की मूठ उखडून हातात आली. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीत जवळपास नाही. काकांनी खण बघून एवढंच विचारलं, ‘कोणत्या महिन्यात केला?’ आता माप बसवण्याचं काम मी जुलैतच करते, लाकूड सगळ्यात फुगलेलं असताना. उन्हाळ्यात ते थोडं सैल होतं, पण अडकत नाही.

आणि पटाशीनं उडालेली ढलपी परत येत नाही. आमच्या कामात जवळजवळ सगळं परत येतं: केलेला बदल मागे घ्यायला रोलबॅक आहे, बॅकअप आहे, जुनी आवृत्ती आहे. लाकडानं मला ऑफिसात जास्त शांत केलं, ते याच कारणानं. रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा आता मला कळतं, की हे दुरुस्त होण्यासारखं आहे.

पण एक सांगते. ट्रेकिंगनं टीमवर्क सुधारतं, छंदानं प्रमोशन मिळतं, असलं काही मनात धरून जाऊ नका. डोंगर चढताना तो बायोडाटात कसा लिहायचा हा विचार आला, की ते आणखी एक ऑफिसच होतं. मी एकदा बारा महिने रात्रपाळी सांभाळायची जबाबदारी नाकारली होती. ज्यानं ती घेतली तो माझ्याआधी वर गेला. मला ते त्या वेळी लागलं होतं, हेही खरं. तुमच्याही वाट्याला असा एखादा प्रसंग येईल, तेव्हा किंमत माहीत असू द्या. माझं काम पडलेलं नाही, नवीन शिकणं थांबलेलं नाही. फक्त सगळ्याच शिड्या मी चढले नाही.

डोंगराबद्दल लोक विचारतात, पावसातला सह्याद्री तर सगळ्यात सुंदर, मग जुलैत का नाही जात? पूर्वी जायचे. चौक गावाच्या बाजूनं इर्शाळगड केला तेव्हा इर्शाळवाडीत एका अंगणात बसून कोरा चहा प्यायलो होतो. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. घरंच्या घरं माणसांसकट मातीखाली गेली. ते अंगण कोणतं होतं हे मी बातम्यांमधल्या फोटोंत शोधत राहिले, ओळखता आलं नाही. आपण शनिवारी जाऊन भिजून येतो, तिथली माणसं पूर्ण पावसाळा त्या उताराखाली झोपतात. मुसळधार पावसात डोंगरात आपण अडकलो, तर सोडवायला आधी तेच धावतात, आपलं घर सोडून. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी जात नाही. तुम्ही गेलातच तर ओढा ओलांडून जायचं ठिकाण नको. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेएवढं होतं.

मार्चनंतरचं माझं आवडतं काम ठाण्याहूनही सोपं आहे. ओहोटीला कातळावर फिरायचं. गिरगाव चौपाटीच्या कडेला, हाजीअलीजवळ, वांद्र्याला कार्टर रोडवर. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला हा हिशेब सव्वा अकराच्या आसपास येतो, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. उधाणाचे तेच दिवस, त्यामुळे पाणीही तेव्हा सगळ्यात लांब मागे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाणी फारसं मागे जातच नाही, तेव्हा जाऊन काही दिसत नाही. पौर्णिमा शनिवार-रविवारला आली की मी पहिली लोकल पकडते. डबक्यांत समुद्रफुलं असतात, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे असतात, एकदा तळहाताएवढा ऑक्टोपस माझ्या डोळ्यांदेखत दगडाच्या रंगाचा झाला. बूट घाला, कातळाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. काही उचलू नका, दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. साडेसहापर्यंत पाणी परत फिरलेलं असतं आणि सोमवार असला तरी ऑफिस गाठता येतं.

काकांबद्दल एक गोष्ट राहिली. ते दरवर्षी एकवीरेला जातात. एका डिसेंबरात मी त्यांच्या कुटुंबाबरोबर गेले. देवीचं दर्शन झालं. देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह आहे, डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह. काका इतकी वर्षं तिथे येत होते, पण आत कधी थांबले नव्हते. मी त्यांना वर बघायला सांगितलं. दगडात कोरलेल्या त्या छताला खालून लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या आहेत, सागवानी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. शोभेसाठी बसवलेल्या, छत पेलायला त्यांची गरजच नाही. लेणं कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारती होत्या, म्हणून त्यांनी दगडातही तुळया आणि फासळ्या केल्या, आणि इथे तर खरं लाकूडच लावलं. काका मान वर करून इतका वेळ उभे राहिले की काकू बाहेरून हाका मारायला लागल्या. मग म्हणाले, ‘ऊन नाही, पाऊस नाही. म्हणून राहिलं.’ आणि थोड्या वेळानं, ‘एवढ्या उंचावर धरलं कुणी असेल, ताई?’

माझे दोन छंद वेगवेगळे आहेत असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

तर सुरुवात कशी करायची? आत्ता एकच गोष्ट निवडा, आणि अशी निवडा जिच्यात कुणीतरी तुमची वाट बघेल. मी सहा रविवार धार लावत टिकले, कारण काका गाळा उघडून चहा मागवून बसलेले असायचे. ठाण्यात सुतार, सायकल दुरुस्तीवाले, शाडूच्या मूर्ती करणारे कारखाने सगळे आहेत. गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तिकारांना हात कमीच पडतात, जाऊन विचारा.

डोंगराला नोव्हेंबरात लागा. पहिला पेठचा किल्ला करा, म्हणजे कोथळीगड. कर्जतला उतरून एसटीनं किंवा टमटमनं आंबिवली, तिथून पेठ गावापर्यंत चढ, मग सुळका. सकाळी लवकर निघा, माणशी तीन लिटर पाणी, उतरायला दुपारी एकच्या आत सुरुवात. अत्तर, डिओ लावू नका, कड्यांवर आग्यामोहोळं असतात. जेवण पेठ गावातच सांगा, पिठलं-भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात. वर गुहा आहे, तिच्याजवळून सुळक्याच्या पोटातून वर जाणाऱ्या पायऱ्या कोरल्या आहेत. आत अंधार असतो, टॉर्च न्या. चढताना एकदा थांबून बाजूच्या भिंतीवर हात फिरवा. छिन्नीचा एकेक घाव बोटाला लागतो.