अर्थशास्त्रज्ञाला अध्यापन आणि सरकारी काम, दोन्ही जमतं का?

तुम्ही विचारलंय की अर्थशास्त्रात एम. ए. झाल्यावर प्राध्यापकी धरावी की सरकारी सेवा, आणि एकाच आयुष्यात दोन्ही होतं का. होतं. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, मधली दोन वर्षं एका सरकारी खात्यात प्रतिनियुक्तीवर होतो. तिथे तीन आठवडे खपून केलेला माझा तक्ता साहेबांनी परिशिष्टात ढकलला आणि मुख्य टिपणात त्याची एक ओळ ठेवली. फार राग आला होता.

तो राग अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचं काम नीट वाचल्यावर उतरला. केंब्रिजला शिकलेले हे गृहस्थ १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत तिथेच राहिले. पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी, वाई तालुक्याची पाहणी, असं घरोघर फिरून माहिती गोळा करण्याचं काम त्यांनी संस्थेत रुजवलं. त्याच काळात विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करून त्याचं पहिलं अध्यक्षपदही सांभाळलं. मग १९६७ मध्ये देशाच्या पंचवार्षिक योजना आखणाऱ्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले.

तिथे त्यांच्यापुढे आलेला पेच मी दरवर्षी वर्गात मांडायचो. केंद्राने राज्यांना योजनेसाठी पैसे द्यायचे, पण कोणाला किती याचा पक्का नियम नव्हता. १९६७ च्या निवडणुकीनंतर बऱ्याच राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारं आलेली, त्यामुळे मर्जीने वाटप चालणं अवघड. १९६९ साली गाडगीळ सूत्र ठरलं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० करवसुलीच्या प्रयत्नाला, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना, १० खास अडचणींना.

फळ्यावर हे लिहिलं की कोणीतरी विचारायचंच, “सर, गरिबीला फक्त दहा?” प्रश्न बरोबर आहे. माझ्याही मते ते कमीच होते. १९८० च्या सुधारणेत प्रकल्पांचा वाटा काढून उत्पन्नाचा २० केला गेला. पण लोकसंख्येचा आकडा जनगणनेतून येतो, त्यावर फारसं भांडता येत नाही. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावर हवं तेवढं भांडता येतं. शिवाय सूत्राला राष्ट्रीय विकास परिषदेत बसलेल्या मुख्यमंत्र्यांची संमती हवी होती. शोधनिबंधात गाडगीळांना असली तडजोड करावी लागली नसती. सरकारात तीच मुख्य कामगिरी, आणि ज्याला त्यात कमीपणा वाटतो त्याने तिकडे जाऊ नये.

आता तुमच्यापुरतं. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते; अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय साधारण २१ ते ३०. प्राध्यापकीत शिरायला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, वरच्या पदांना पीएच.डी. वयाची अट असल्यामुळे मुलं आधी सेवेच्या परीक्षेला बसतात, ते समजण्यासारखं आहे. पण एकदा आत गेलात की बदल्या, टिपणं, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं यात वर्षं जातात आणि संशोधन सुटतं ते सुटतंच. उलट, प्राध्यापकाला समितीवर बोलावतात, सल्लागार म्हणून घेतात, काम झालं की तो परत वर्गात येतो. दोन्ही हवं असेल तर मी अध्यापनाच्या बाजूने जाईन, मात्र निव्वळ पुस्तकी पीएच.डी. करून नाही. एखाद्या तालुक्याची, एखाद्या धंद्याची स्वतः पाहणी करा, विषय तिथून घ्या. समितीत बसल्यावर “हा आकडा आला कुठून?” असं सचिवाने विचारलं की उत्तर तुमच्याकडे असतं.

आणि हो, तुमचा तक्ताही परिशिष्टातच जाईल. ती वरची एक ओळ तेवढी स्वतः लिहायला मागा.