गोड रीसलिंग आणि आंबट-तिखट हुमण

प्रश्न : पुतण्याने जर्मनीहून मोझेल भागातील रीसलिंग ही पांढरी वाइन आणली. बाटलीवर ‘श्पेटलेझे’ असे लिहिले असून अल्कोहोल 8 टक्के आहे. रव्यात तळलेल्या विसवणाबरोबर (सुरमईबरोबर) ती घेतली, तेव्हा फारच गोड लागली. शिवाय तळाशी साखरेसारखे कण दिसले. वाइन बिघडली आहे का? आमच्या जेवणातील कशाबरोबर ती जुळेल?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वाइन बिघडलेली नाही. ते कण साखरेचे नसून टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे आहेत. हे आम्ल द्राक्षात असते तसेच आपल्या चिंचेतही असते आणि वाइन थंडीत राहिली की त्याचा क्षार खाली बसतो. तो निरुपद्रवी असल्याने पेल्यात हलक्या हाताने ओतले म्हणजे झाले.

‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिरा केलेली तोडणी. हा शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षरसात किती साखर होती ते सांगतो, वाइन किती गोड आहे ते सांगत नाही. म्हणूनच त्याच्यापुढे ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, असे लिहिलेली बाटलीही मिळते. तुमच्या बाटलीतील 8 टक्के हा आकडा मात्र पुरेसा बोलका आहे : सगळ्या साखरेचे अल्कोहोल होण्याआधीच आंबवण थांबवले गेले आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहिली. मोझेलच्या उभ्या, पाटीच्या दगडाच्या उतारांवर थंड हवेत द्राक्षे सावकाश पिकतात, त्यामुळे त्यांचा आंबटपणा टिकून राहतो आणि हिरव्या सफरचंदाची, लिंबाची, कधी पीच फळाची चव त्याच्या आधाराने उभी राहते. (रीसलिंग जुनी झाली की तिला रॉकेलसारखा वास येऊ शकतो. जाणकारांना तो आवडतो; पहिल्यांदा पिणारा मात्र दचकतो.)

तुमची चूक असेल तर ती जोडीत आहे. रव्यातल्या विसवणात तिखट बेताचे आणि आंबट जवळजवळ नाही, त्यामुळे वाइनमधल्या साखरेला अडवणारे समोर काहीच उरले नाही. तिथे कोरडी रीसलिंग हवी होती. मासळी म्हटली की पांढरी वाइन, एवढ्यावर आपल्या स्वयंपाकघरात भागत नाही. मिरची किती, आंबट कशाचे आणि नारळ ओला की भाजलेला, हे आधी पाहावे लागते.

तीच बाटली सुंगटांच्या हुमणाबरोबर, म्हणजे कोळंबीच्या नारळाच्या आमटीबरोबर, घेऊन पाहा. सोलांच्या आंबटाला वाइनचा आंबटपणा पुरून उरतो, नारळाच्या रसाचा जडपणा तो कापतो आणि मिरचीची आग साखर शमवते. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवते, म्हणून 8 टक्क्यांची वाइन इथे 14 टक्क्यांच्या वाइनपेक्षा निश्चितच बरी. रेशाद, म्हणजे लाल मसाला भरलेल्या, बांगड्याबाबत मी अधिकच आग्रही आहे, कारण त्या मसाल्यातल्या शिरक्यापुढे मवाळ वाइन पाणचट लागते, रीसलिंग लागत नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण आणि शाकाहारी पंगतीतले, मिश्र भाज्यांचे खतखतेही चालेल. कोंबडी-मटणाच्या शागोतीत भाजलेले खोबरे आणि मसाले दाट असल्यामुळे जोडी जमते, पण रंगत नाही. सुक्या मासळीच्या किसमूराला मात्र ही वाइन वाया घालवू नये. तो फेणीचा प्रांत आहे.

बेबिंकबरोबर हीच बाटली आंबट लागेल, कारण गोड पदार्थापेक्षा वाइन अधिक गोड असावी लागते. त्यासाठी ‘बेरेनआउसलेझे’ या फार उशिरा वेचलेल्या द्राक्षांची, बरीच महाग वाइन लागते. त्यापेक्षा बेबिंक नुसतीच खावी.

बाटली 8 ते 10 अंश सेल्सिअसवर द्यावी. आपल्या उकाड्यात पेला लवकर तापतो, म्हणून थोडी थोडी ओतावी. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते, तेव्हा दुसऱ्या दिवशी आटवलेल्या कालच्या कढीबरोबर ती पुन्हा घेऊन पाहायला हरकत नाही.