प्रयोगशाळा नसताना प्रथिनांच्या आंतरक्रियांचा अभ्यास करता येईल का?

आपण विचारले आहे की, प्रयोगशाळेची सोय नसताना केवळ खुल्या डेटाबेसच्या आधारे प्रथिनांच्या आंतरक्रियांवर एम.एस्सी.चा प्रकल्प करता येईल का. निश्चित करता येईल; मात्र प्रथिनांमधील संबंध रेघांनी दाखवणाऱ्या स्ट्रिंग या डेटाबेसवर दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे दोन प्रथिनांची प्रत्यक्ष जोडणी, असे समजू नका.

माझे विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतात. दोन जनुके एकाच वेळी व्यक्त होत असतील, किंवा त्यांची नावे शोधनिबंधांत वारंवार एकत्र येत असतील, तरीही स्ट्रिंगमध्ये रेघ उमटते. रेघेला दिलेला ०.७ हा गुण (स्कोअर) बंध किती घट्ट आहे हे सांगत नाही. संबंध खरा असण्याचा तो अंदाज आहे, म्हणजे अशा दहांपैकी सुमारे तीन रेघा चुकीच्या निघू शकतात.

म्हणून आधी एकच जोडी मुळापर्यंत तपासा. मी पी५३ (गाठींना आळा घालणारे प्रथिन) आणि एमडीएम२ (त्याला लगाम घालणारे प्रथिन) ही जोडी सुचवेन. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीच्या डेटाबेसमधून मानवी पी५३चा पी०४६३७ हा क्रमांक घ्या (नावांत घोळ होतो, क्रमांकात होत नाही) आणि तो इंटॅक्ट या आंतरक्रियांच्या डेटाबेसमध्ये शोधा. तेथे प्रत्येक नोंदीसोबत मूळ शोधनिबंध आणि प्रयोगाची पद्धत दिलेली असते, आणि खरा अभ्यास त्या पद्धतीच्या रकान्यापासून सुरू होतो. यीस्ट टू-हायब्रिड या पद्धतीत एकेक जोडी तपासली जाते, पण ती यीस्टच्या पेशीत. उलट, एक प्रथिन पकडून पेशीतून बाहेर काढले की त्याच्यासोबत अख्खा समूह येतो, आणि त्यात कोण कोणाला थेट स्पर्श करते हे कळत नाही, तरी डेटाबेसमध्ये तो समूह पुष्कळदा जोड्यांत मोडून दाखवलेला असतो.

यानंतर प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या संग्रहातील १वायसीआर (1YCR) ही १९९६ साली प्रसिद्ध झालेली रचना उघडा. पी५३मधील १९वे फेनिलअलानिन, २३वे ट्रिप्टोफॅन आणि २६वे ल्युसिन ही अमिनो आम्ले एमडीएम२च्या खाचेत कशी रुतली आहेत, ते तेथे डोळ्यांनी दिसते. २००४ साली जाहीर झालेली नटलिन ही संयुगे एमडीएम२च्या खाचेत याच तिघांची जागा घेतात आणि जोडी जुळू देत नाहीत. एका रेघेमागे एवढे दडलेले असते.

पी५३भोवती रेघांची दाटी दिसेल, पण त्यावर दशकानुदशके झालेले संशोधन हेही तिचे मोठे कारण आहे. त्यामुळे केवळ रेघा मोजून एखादे प्रथिन महत्त्वाचे ठरवू नका.