अझाथायोप्रिन आणि पांढऱ्या पेशी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलीला ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध सुरू केल्यावर पाचव्या आठवड्यात तिचे केस झुपक्याझुपक्यांनी गळू लागले. तपासणीत पांढऱ्या पेशी १,८०० पर्यंत उतरल्याचे दिसले आणि औषध थांबवावे लागले. सुरुवातीलाच केलेली टीपीएमटीची (हे औषध पचवणाऱ्या एका एन्झाइमची) तपासणी मात्र नॉर्मल होती. आमच्या गल्लीतील एक बाई हीच गोळी, याच मात्रेत, कित्येक वर्षे घेत आहेत. त्यांना कसलाही त्रास नाही. गोळी डुप्लिकेट असावी, असे नातेवाईक म्हणतात. खरे कारण काय असू शकेल?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : गोळीपेक्षा ती पचवणाऱ्या एन्झाइमांकडे आधी पाहावे, असे मला वाटते. अझाथायोप्रिनचे शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरिन होते आणि त्यापासून थायोग्वानिनचे घटक तयार होतात. हे घटक पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये शिरून त्यांची वाढ रोखतात. ल्यूपसमध्ये स्वतःच्याच अवयवांवर उलटलेल्या पेशींना आवरण्यासाठी हाच परिणाम हवा असतो. पण त्याची मात्रा ओलांडली गेली की अस्थिमज्जेतील सरसकट पेशीनिर्मितीच मंदावते. ही मात्रा आटोक्यात ठेवण्याचे काम मुख्यतः दोन एन्झाइमे करतात. टीपीएमटी हे ६-मर्कॅप्टोप्युरिनचा काही भाग दुसऱ्या वाटेला वळवते, तर एनयूडीटी-१५ हे तयार झालेल्या सक्रिय थायोग्वानिनला निकामी करते.

आपल्याकडील टीपीएमटीचा अहवाल चुकीचा नसेल, पण तो निम्मेच उत्तर देतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दहापैकी एकाकडे टीपीएमटीच्या जनुकाची एक दुर्बल प्रत असते आणि सुमारे तीनशेंपैकी एकाकडे दोन्ही प्रती दुर्बल असतात, म्हणून तिकडे ही तपासणी रुळली व तीच आपल्याकडेही आली. भारतीयांमध्ये टीपीएमटीचा दोष तुलनेने कमी आणि एनयूडीटी-१५ चा अधिक आढळतो. या दुसऱ्या जनुकाचे महत्त्व २०१४ मध्ये कोरियातील क्रोन्स या आतड्यांच्या आजाराच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. इतकी वर्षे उलटूनही आपल्या रुग्णांची तपासणी टीपीएमटीपाशीच थांबावी, हे मला पटत नाही.

आपल्या पत्रातील केस गळण्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ल्यूपसमध्ये मुळातच केस गळतात, त्यामुळे कंगव्यात नेहमीपेक्षा जास्त केस आले तरी घरचे त्याचा दोष आजारालाच देतात. परंतु अझाथायोप्रिन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांतच केसांचे झुपके हातात येऊ लागले, तर एनयूडीटी-१५ च्या दोषाची ती ठळक खूण असते आणि अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासावे. पांढऱ्या पेशी ल्यूपसमुळे, विषाणुसंसर्गाने किंवा दुसऱ्या एखाद्या औषधानेही उतरू शकतात, म्हणून डॉक्टरांशी बोलून एनयूडीटी-१५ ची जनुक तपासणी करून घ्यावी. जनुक बदलत नसल्याने ती आयुष्यात एकदाच करावी लागते. एक प्रत दुर्बल निघाल्यास डॉक्टर कमी मात्रेने पुन्हा सुरुवात करण्याचा विचार करू शकतात. दोन्ही दुर्बल असल्यास अशा आजारात हे औषध टाळणेच योग्य. मायकोफेनोलेट हे पर्यायी औषध या दोन एन्झाइमांवर अवलंबून नाही, मात्र ते गर्भाला घातक असल्याने मुलीच्या पुढील आयुष्याचा विचार डॉक्टरांपुढे आताच मांडावा. तिच्या सख्ख्या भावंडांपैकी कोणाला कधी हे औषध सुचवले गेले, तर हा अहवाल त्यांनी आवर्जून दाखवावा.

शेजारच्या बाईंची एन्झाइमे बहुधा पुरेशी सक्षम असतील; तरीही नियमित रक्ततपासणी त्यांनाही चुकत नाही, कारण नॉर्मल जनुके असलेल्यांच्या पेशीही कधीकधी उतरतात. मुलीच्या पेशी पूर्ववत होईपर्यंत ताप आला किंवा घशात फोड आले, तर घरगुती उपाय करत न बसता तिला लगेच रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : पेम्फिगससाठी (त्वचेवर फोड आणणारा, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार) मी बेळगावच्या डॉक्टरांकडून अझाथायोप्रिन घेतो. युरिक ॲसिड वाढल्याने कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लिहून दिले आहे, पण ते अजून सुरू केलेले नाही. दोन्ही गोळ्या एकत्र चालतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे कळेपर्यंत ॲलोप्युरिनॉल सुरू करू नये. ६-मर्कॅप्टोप्युरिनचा मोठा वाटा झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम निकामी करते आणि ॲलोप्युरिनॉल नेमके तेच एन्झाइम रोखते. ॲलोप्युरिनॉलचा मूळ शोधच ६-मर्कॅप्टोप्युरिन या ल्युकेमियावरील (रक्ताच्या कर्करोगावरील) औषधाचा प्रभाव वाढवण्याच्या प्रयत्नातून लागला; ही दोन्ही औषधे ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली, त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी जो गुण त्यांनी शोधला, तोच आपल्या बाबतीत अपाय करू शकतो. एकत्र देणे अटळच ठरले, तर अझाथायोप्रिनची मात्रा नेहमीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकी उतरवावी लागते आणि रक्त वारंवार तपासावे लागते. हा निर्णय डॉक्टरांचाच. युरिक ॲसिड कमी करणारे दुसरे औषध फेबुक्सोस्टॅटही हेच एन्झाइम रोखते, त्यामुळे गोळी बदलून घेतल्याने प्रश्न सुटणार नाही. सीमाभागात एक फाइल बेळगावला आणि दुसरी कोल्हापूर-मिरजेला असणे नवे नाही. पुढच्या वेळी जाताना दोन्ही फायली आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, कारण कंपनीगणिक नाव बदलते, पण पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव बदलत नाही.