एमएस्सी मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी पायथन शिकावं का, आणि फुकटातलं काय खरंच कामाचं आहे?

प्रश्न विचारणारी नाशिकचीच आहे, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की जो तो सांगतो पायथन शिक, एआय शिक, नाहीतर नोकरी विसर. कॉलेजात विकतच्या सॉफ्टवेअरचं एकही लायसन्स नाही. आणि प्रोजेक्टमध्ये द्राक्षबागेच्या मातीतून काढलेल्या बॅक्टेरियाचा १६एस (बॅक्टेरिया ओळखायला वाचतात तो जीन) सिक्वेन्स ब्लास्टला, म्हणजे सिक्वेन्स जुळवून बघायच्या फुकट सॉफ्टवेअरला, टाकला तर ९९.८ टक्के बॅसिलस थुरिंजिएन्सिस आलाय, तर थीसिसमध्ये तेच नाव लिहून मोकळं व्हायचं का?

वयाने बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. मी सातपूरला एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये आहे, माती, पाणी, देठ परीक्षण आणि थोडं मायक्रोबायोलॉजी, त्यामुळे हे रोज फायली उपसणाऱ्या बाईचं मत आहे, प्रोफेसरचं नाही.

पायथन शिक, पण नंतर. आधी एक साधं टेबल नीट ठेवायला शिक. ऐकायला फार बाळबोध वाटतं, माहितीये. पण आमच्याकडे इंटरव्ह्यूला येणाऱ्यांच्या रेझ्युमेवर मशीन लर्निंग लिहिलेलं असतं आणि हातात सॅम्पलची यादी दिली की एकाच कॉलममध्ये कुठे "१० पीपीएम", कुठे नुसतं १०, कुठे "अंदाजे १०" आणि कुठे "नाही" असं भरून ठेवतात, आता "नाही" म्हणजे टेस्ट केलीच नाही की केली आणि सापडलं नाही हे कुणी सांगायचं? याच्यावर कुठलंही मॉडेल चालवा, काय निघणार त्यातून.

आणि आपल्या नाशकात तर त्याच्यावर कडी. पिंपळगाव बसवंत एका माणसाने पूर्ण लिहिलं, दुसऱ्याने "पिंपळगाव ब.", तिसऱ्याने इंग्रजीत, कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन गावं. जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेल्या फायली असतील तर त्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असतात, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की शेतकऱ्याचं नाव म्हणजे नुसती चिन्हं आणि कंस. युनिकोड असलं तरी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सरळ डबल क्लिक करून उघडली तर देवनागरीचा बऱ्याचदा भुगा होतो, ती डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ निवडून उघडायची असते. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

तारखा तर विचारूच नकोस. छाटणीची तारीख ०३/१०, म्हणजे आपल्यासाठी तीन ऑक्टोबर, गोडी छाटणीचे दिवस. मशीनवर अमेरिकन सेटिंग असेल तर ती होते दहा मार्च, ज्या महिन्यात इथे माल तुटून पॅकहाऊसला चाललेला असतो. बरं सगळ्याच तारखा चुकल्या असत्या तर लगेच दिसलं असतं, पण २५/१० ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख न बनता नुसता मजकूर म्हणून राहते, म्हणजे अर्धा कॉलम चुकीचा आणि अर्धा तारीखच नाही. म्हणून आधी वर्ष मग महिना मग दिवस, २०२४-१०-०३, असंच लिहायचं, कितीही परकं वाटलं तरी.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्या लॅबचं रडगाणं आहे असं समजू नकोस. एक्सेल जीनची नावंच बदलून टाकायचं. सेप्ट२ नावाचा जीन टाइप केला की तो दोन सप्टेंबर व्हायचा, मार्च१ चा एक मार्च. २०१६ मध्ये काही लोकांनी जेनेटिक्सच्या छापील पेपर्सना जोडलेल्या एक्सेल याद्या तपासल्या तेव्हा साधारण दर पाचातल्या एका पेपरमध्ये अशी नासलेली नावं सापडली, आणि हे चांगल्या चांगल्या जर्नल्समध्ये. शेवटी २०२० मध्ये मानवी जीन्सना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जीन्सचीच नावं बदलली, सेप्ट२ चा सेप्टिन२ झाला. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. म्हणजे सॉफ्टवेअर सुधारण्याच्या आधी बायोलॉजीने स्वतःची नावं बदलली, मला तर यावर हसावं की रडावं कळत नाही. त्याच २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस काही दिवस आकडेवारीतून गायब होत्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या वर जागाच नसते आणि बाकीच्या गुपचूप कापल्या गेल्या. गुपचूप हाच त्रास आहे, एरर आली असती तर कुणीतरी बघितलं असतं.

तर, टेबल. एका ओळीत एक सॅम्पल, एका कॉलममध्ये एकच गोष्ट, युनिट कॉलमच्या नावात, रंग मारून अर्थ सांगायचा नाही (पिवळं म्हणजे रिपीट, हिरवं म्हणजे मॅडमना विचारायचं, हे तीन महिन्यांनी तुलाही आठवणार नाही), आणि मशीनमधून आलेली मूळ फाइल तशीच बाजूला, तिला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते कॉपीवर.

आता तुझ्या बॅसिलसबद्दल, कारण हा प्रश्न मला जास्त आवडला.

नाही, ते नाव लिहून मोकळं होऊ नकोस. बॅसिलस सिरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅसिस हे तिघं इतके जवळचे आहेत की १६एस जवळजवळ सारखाच येतो. एक अन्नातून विषबाधा करतो, दुसरा आपण बीटी म्हणून अळीवर फवारतो आणि तिसरा अँथ्रॅक्सचा. ९९.८ टक्के तिघांशीही येऊ शकतं, यादीत पहिला कोण दिसला याला काही अर्थ नाही. थुरिंजिएन्सिस म्हणायचं असेल तर त्याचा क्रिस्टल दाखव, स्पोअर बनण्याच्या वेळी पेशीत प्रोटीनचा स्फटिक तयार होतो, फेज कॉन्ट्रास्टखाली दिसतो, नाहीतर कूमासी ब्लूने स्टेन करून साध्या मायक्रोस्कोपखाली. क्राय जीनचा, म्हणजे तो स्फटिक बनवणाऱ्या जीनचा, पीसीआर करता आला तर उत्तमच. म्हणजे बघ, सगळ्यात भारी डेटाबेसने जे सांगितलं नाही ते तुझ्या कॉलेजातला मायक्रोस्कोप सांगेल. तोपर्यंत "बॅसिलस सिरियस ग्रुप" एवढंच लिही, त्यात कमीपणा काही नाही.

ब्लास्टला दोष नाही देत हं मी. १९९० पासूनची गोष्ट आहे आणि आजही माझ्या मते बायोलॉजीतलं सगळ्यात उपयोगी फुकट सॉफ्टवेअर तेच. पण ते काय करतं हे समजून घे, ते फक्त तुझ्या अक्षरांशी जुळणारी अक्षरं जेनबँकमध्ये, म्हणजे जगभरच्या सिक्वेन्सच्या खुल्या साठ्यात, शोधतं, आणि जेनबँकमधलं नाव हे ज्याने सिक्वेन्स जमा केला त्याने दिलेलं नाव असतं. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कसतोय दुसराच, तसे तिथेही बरेच आहेत. त्यामुळे सरसकट डेटाबेस न घेता १६एसचा वेगळा निवडक डेटाबेस असतो तो निवड, तिथे बहुतेक टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीचे अधिकृत नमुने, असतात. टक्क्यांच्या शेजारी कव्हरेजचा कॉलम असतो, तुझ्या सिक्वेन्सचा किती भाग जुळवला गेला ते सांगणारा, तोही बघ. पूर्ण १६एस साधारण १५०० बेसचा, एका रीडमध्ये, म्हणजे मशीनच्या एका वाचनात, चांगले मिळतात ७००-८००, मग ३०० बेसवर ९९.८ टक्के आलंय की १४०० वर हे न सांगता टक्के सांगण्यात काय अर्थ. ई-व्हॅल्यू शून्य आली म्हणून प्रजाती पक्की असंही नसतं, एवढी जुळणी नुसत्या योगायोगाने किती वेळा झाली असती याचा तो अंदाज आहे, बस.

आणि मुख्य म्हणजे डेटाबेसमध्ये जे नाहीच ते तुला कधीच सापडणार नाही, यादी तरी पण येणारच, रिकामी स्क्रीन क्वचितच दिसते. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळ्या वाटेने कळलंय. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाटमुळे अडकली, बागांमधून वेलीची वाढ रोखायला लिहोसीन म्हणून मारतात तेच. ते तेव्हा इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे रिपोर्ट क्लीन होते. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉट नोंदलेला, सॅम्पल घेतलेलं, सगळी सिस्टीम नीट चालली होती, फक्त तो प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. घरातल्या मोठ्यांना विचार, त्या सीझनबद्दल अजून बोलतात लोक.

एआयचं. अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय, खरंच मोठं काम आहे, वाद नाही, २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल त्यावर मिळालं, २० कोटींच्या वर प्रोटीन्सचे अंदाजे आकार फुकट उघडून बघता येतात, तुझ्या मोबाईलवर सुद्धा. पण ते शिकलं कशावर, तर १९७१ पासून लोकांनी क्रिस्टल वाढवून एक एक स्ट्रक्चर जमा केलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. आणि त्या चित्रातले रंग बघायला शिक, गडद निळं म्हणजे खात्रीचं, नारिंगी म्हणजे त्याचं त्यालाच माहीत नाही. नारिंगी शेपट्या प्रेझेंटेशनमध्ये लावून "हा ॲक्टिव्ह भाग" म्हणून सांगणारे मी पाहिलेत.

आपल्याकडचंच उदाहरण घे, डावणी, द्राक्षाच्या पानांवर येणारा डाउनी मिल्ड्यू रोग. डावणीवर ॲझॉक्सिस्ट्रोबिन गटाची औषधं काही बागांमध्ये चालेनाशी होतात, कारण सायटोक्रोम बी नावाच्या प्रोटीनमध्ये १४३ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी ॲलॅनिन येतं, डीएनएत म्हणायचं तर एक जी जाऊन सी. एवढ्याशा बदलाने औषध बसायची जागा अडते. महाराष्ट्रातल्या बागांमध्येही हे सापडलेलं आहे. आता ही दोन रूपं अल्फाफोल्डला टाकलीस तर आकार जवळपास सारखेच येतील, कारण एका जागेच्या बदलाचा परिणाम सांगायला ते बनवलेलंच नाही, बनवणाऱ्यांनी स्वतः तसं लिहून ठेवलंय. हे कळलं ते औषध मारूनही न मेलेली डावणी गोळा करून, तिचा जीन वाचून, औषध न मारलेलीच्या शेजारी ठेवून. शेजारी ठेवायला फुकट सॉफ्टवेअर पुरतं. पान गोळा करायला दिंडोरीला पहाटे जावं लागतं, दव असताना.

चॅटबॉट मी वापरते, आर या फुकट प्रोग्रॅमिंग भाषेत ग्राफचा कोड अडला की मस्त सांगतो. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस, न छापलेले पेपर लेखकांच्या नावासकट बनवून देतो. प्रत्येक पेपर पबमेड या पेपर शोधायच्या फुकट साइटवर स्वतः उघडून बघ.

फुकटातलं काय, ते पटकन सांगते. स्टॅटिस्टिक्स आणि ग्राफला आर, कॉलनी मोजायला आणि झोन मापायला इमेजजे, संदर्भ ठेवायला झोटेरो, सिक्वेन्सच्या कामात कमांड लाइनची भीती वाटत असेल तर गॅलॅक्सी, ब्राउझरमध्येच चालतं आणि त्याचे धडे फार छान लिहिलेत. तुला क्रॅक केलेलं विकतचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर कुणीतरी देईलच, कॉलेजमध्ये फिरतच असतं, व्हायरस सोड पण थीसिसमध्ये त्याचं नाव लिहिलंस आणि परीक्षकाने लायसन्स विचारलं तर काय सांगशील? पेपर वाचायला मिळत नाहीत ही तक्रार असेल तर कॉलेज सरकारी आहे का बघ, जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना सुरू झालीये, लायब्ररीत विचार, तिथे माहीत नसेल तर अजून एकदा विचार.

वेब सर्व्हिसवर मात्र जीव लावू नकोस. फ्यूजन टेबल्स नावाची गूगलची छान सोय होती, डेटा टाकला की नकाशा तयार, २०१९ च्या डिसेंबरमध्ये बंद. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर कुठल्यातरी युनिव्हर्सिटीतल्या पीएचडीच्या मुलाने बनवलेला सर्व्हर तो मुलगा पास होऊन गेल्यावर किती दिवस चालणार. पेपरमध्ये लिंक असते, क्लिक केलं की पान सापडत नाही. म्हणून तिथून निघालेला रिझल्ट लगेच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवायचा, सोबत तारीख, व्हर्जन आणि काय सेटिंग ठेवलं ते. जेनबँक त्यातल्या त्यात भरवशाचं, कारण अमेरिका, युरोप आणि जपान एकमेकांच्या प्रती रोज ठेवतात. आपलंही फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर २०२२ पासून आहे, तुझा सिक्वेन्स तिथे जमा करता येतो का ते गाइडना विचार.

पायथन की आर यावर मुलं भांडत बसतात, जे तुझ्या आजूबाजूला कुणालातरी येतं ते घे, अडल्यावर विचारायला माणूस पाहिजे. लॅपटॉप ८ जीबीचा पुरेल, त्यासाठी घरी भांडू नकोस.

आणि एक काम याच आठवड्यात कर. सिक्वेन्सिंग करून देणाऱ्यांनी तुला फक्त अक्षरांची फाइल पाठवली असणार, त्यांच्याकडून मूळ एबी१ फाइल (मशीनने नोंदलेला कच्चा सिग्नल) मागून घे, दोन्ही प्रायमरची, म्हणजे जीन दोन्ही टोकांकडून वाचलेली, बहुतेक जण मागितल्याशिवाय देत नाहीत. फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडलीस की चार रंगांच्या लाटा दिसतील, सुरुवातीचे तीस-चाळीस बेस आणि शेवटचा भाग गिचमिड असतो तो कापून टाक, मधेच कुठे दोन रंग एकावर एक असतील तर कल्चर प्युअर नसेल किंवा त्या जीनच्या दोन वेगळ्या प्रती असतील. मग दोन्ही रीड जोडून पुन्हा ब्लास्ट कर आणि काय येतं ते इथे खाली टाक, टक्के आणि कव्हरेज दोन्ही.