पुस्तकाचा कॉपीराइट संपला, पण अट मान्य केली होती: छापता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एका संकेतस्थळावर खातं उघडून तुम्ही जुन्या पुस्तकाचं स्कॅन उतरवून घेतलं. पुस्तकाच्या कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली आहे. पण खातं उघडताना ‘इथलं काहीही पुनर्प्रकाशित करणार नाही’ या अटीपुढे तुम्ही ‘मान्य आहे’ म्हटलंय. आता पुस्तक छापायचंय. ‘पुस्तक सर्वांचं झालंय, मग अटीला कोण विचारतो’ असा सल्ला तुम्हाला मिळालाय. मला तो पटत नाही.

कॉपीराइट हा सगळ्या जगाविरुद्धचा हक्क आहे. लेखकाशी तुमची ओळखदेख नसली तरी तो तुम्हाला लागू होतो. करार मात्र ज्यांनी केला त्यांनाच बांधतो. त्यामुळे कॉपीराइट संपला म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला अडवू शकत नाही, एवढंच. तुम्ही स्वतः दिलेला शब्द वेगळा. तो कॉपीराइटवर उभाच नव्हता, तर त्याच्याबरोबर पडेल कसा?

यावरचा सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेतला, १९९६चा, प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग. प्रोसीडी या कंपनीने तीन हजारांहून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्या एकत्र करून सीडीवर विकायला काढल्या. झायडेनबर्ग नावाच्या ग्राहकाने ती विकत घेतली आणि त्यातली माहिती इंटरनेटवर स्वस्तात विकायला लागला. नावं आणि नंबर ही नुसती तथ्यं, त्यांना कॉपीराइट नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच सांगून ठेवलं होतं. तरी झायडेनबर्ग हरला, कारण सीडीसोबतच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई होती आणि तो परवाना न्यायालयाने करार म्हणून ग्राह्य धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांचं म्हणणं साधारण असं: तीच सीडी एखाद्याला रस्त्यात पडलेली सापडली असती, तर त्याला ही अट लागली नसती. सगळा मुद्दा या एका उदाहरणात आहे.

युरोपात तर याहून गमतीदार निकाल आहे. रायनएअर या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून विमानांच्या वेळा आणि भाडी उचलणाऱ्या पीआर एव्हिएशन या कंपनीवर रायनएअरने दावा लावला. युरोपीय न्यायालयाने २०१५मध्ये सांगितलं की, डेटाबेसला कायद्याचं संरक्षण असेल तर वापरणाऱ्याच्या काही सवलती करारानेही काढून घेता येत नाहीत, कारण कायद्यानेच तशी मनाई केली आहे. पण ज्या डेटाबेसला ते संरक्षणच नाही, त्याला ही मनाईही लागू नाही. म्हणजे ज्याच्याकडे हक्क कमी, त्याला करारात अटी घालायला मोकळीक जास्त! मला हे उफराटं वाटतं, पण निकाल तसा आहे.

अर्थात सगळी न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. गाण्यांचे शब्द उतरवून देणाऱ्या जीनियस या संकेतस्थळाने, आपल्या अटी मोडून शब्द उचलले म्हणून, गूगलवर करारभंगाचा दावा केला होता. चोरी पकडायला त्यांनी सरळ आणि वाकड्या ॲपॉस्ट्रॉफींतून मोर्स लिपीत ‘रेड हँडेड’ असं लिहून ठेवलं होतं! तरीही २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. हा नुसता कॉपीराइटचाच दावा कराराच्या वेषात आलाय, आणि तो विषय केंद्रीय कायद्याचा आहे, राज्याच्या करार-कायद्याखाली तो आणता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तेव्हा अमेरिकेतसुद्धा दावा कुठे लागतो यावर बरंच ठरतं.

कायदा करारावर कुरघोडी करतो ती जिथे त्याने तसं स्पष्ट लिहिलंय तिथे. युरोपीय संघात सॉफ्टवेअरची राखीव प्रत काढण्याचा हक्क करारानेही काढून घेता येत नाही. सिंगापूरने २०२१च्या कायद्यात संगणकीय विश्लेषणाची (म्हणजे संगणकाकडून मजकूर-माहिती तपासून घेण्यासाठी प्रत काढण्याची) सवलत अशीच कराराच्या आवाक्याबाहेर ठेवली. भारतात २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना त्यांच्या रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला सोडून देता येऊ नये अशी सोय केली. सही केली तरी ती निरर्थक. अमेरिकेत लेखकाने दुसऱ्याला दिलेले हक्क त्याला साधारण ३५ वर्षांनी परत घेता येतात, करारात उलट लिहिलं असलं तरीही (पगारी कामाच्या लेखनाला हे लागू नाही). मुदत संपलेल्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र असं सरसकट संरक्षण देणारं कलम माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता तुमच्या प्रकरणात पाहायच्या गोष्टी. अट खरोखर ‘मान्य आहे’च्या बटणाशी होती की पानाच्या तळाशी बारीक अक्षरात? तळाशी लपवलेल्या अटी बांधत नाहीत, असं अमेरिकेत नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या खटल्यात २००२मध्येच ठरलंय. तुम्ही म्हणता बटण दाबलंय. मग ही पळवाट तुमच्यासाठी बंद. दुसरं, अट मोडली तर संकेतस्थळाला सहसा नुकसानभरपाई मागता येईल आणि ते नुकसान सिद्ध करावं लागेल. फुकट दिलेल्या स्कॅनबाबत ते सोपं नाही. खातं मात्र ते तडकाफडकी बंद करतील. तुमच्याकडून फाइल घेऊन भलत्यानेच पुस्तक छापलं, तर त्याच्याविरुद्ध करारभंगाचा दावा चालणं कठीण, कारण त्याने काहीच मान्य केलेलं नाही. मुद्दाम तसं घडवून आणलंत तर गोष्ट निराळी. ते करू नका.

आणि पुस्तकाबरोबर नव्याने जोडलेलं काही असेल, म्हणजे प्रस्तावना, टीपा, नवी चित्रं, तर त्यांचा कॉपीराइट जिवंत असू शकतो. तो करार असो वा नसो, लागतोच. निव्वळ हुबेहूब नकलेवर नवा हक्क निर्माण होत नाही, असं अमेरिकेत १९९९मध्ये एका न्यायालयाने जुन्या चित्रांच्या छायाचित्रांबाबत म्हटलं, आणि युरोपीय संघाने २०१९मध्ये जुन्या चित्रकृतींपुरतं ते कायद्यातच लिहिलं. सगळीकडे असंच आहे असं धरून चालू नका.

मी तुमच्या जागी असतो तर वाद घालत बसलो नसतो. त्या पुस्तकाची छापील प्रत कुठल्या तरी ग्रंथालयात असणारच. तिथे प्रत काढण्याबाबत काही अटी आहेत का ते आधी लेखी विचारून घ्या. नसतील तर स्वतः स्कॅन करा आणि त्यावरूनच मजकूर जुळवा. संकेतस्थळावरची फाइल त्या कामात उघडूसुद्धा नका.